मिरचीवर दरवर्षी बोकड्या येतो? बाटली आणण्याआधी पान उलटून बघा

मिरचीचे शेंडे आखडले, पानं गोळा व्हायला लागली, की आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या कुही-भिवापूर पट्ट्यात त्याला एकच नाव: बोकड्या. सकाळी दिसला की दुपारी कृषी केंद्र, संध्याकाळी पंप पाठीवर. पंधरा दिवसांनी बघावं तर तेच वावर आणखी आखडलेलं. स्वतःच्या आणि आजूबाजूच्यांच्या वावरात हे मी दर हंगामात निस्तरत आलो आहे. बहुतेक वेळा निघतं ते असं की झाडावर कोळी होता आणि फवारा मात्र किडीचा मारला गेला. कोळी हा कीटक नाही. तो आठ पायांचा जीव आहे, त्यामुळे मावा-तुडतुड्यांवरची बरीचशी औषधं त्याला लागू पडत नाहीत. काही औषधांनी तर तो उलट वाढतो.

म्हणून खालचा क्रम आधी फुकटात होणाऱ्या गोष्टींपासून लावला आहे. पैसे लागणारी कामं शेवटी.

आधी लक्षणं

मिरचीवर दोन कोळी येतात. पिवळा कोळी कोवळ्या शेंड्यात राहतो. त्याने पान कडेने खाली वळतं, पालथ्या द्रोणासारखं. पान अरुंद होतं, देठ मात्र नेहमीपेक्षा लांब वाढतो. पानाची मागची बाजू चकचकीत तपकिरी दिसते, हाताला कडक लागते आणि दुमडली तर कटकन तुटते. शेंड्याला बारीक पानांचा गुच्छ होतो, फुलं गळतात. फळ धरलंच तर त्याच्या सालीवर खरबरीत तपकिरी खपली येते. असा माल सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ खुडायच्या ठिकाणी, गेला की वेगळाच काढला जातो आणि भाव पडतो.

लाल कोळी याच्या उलट, खालच्या जुन्या पानांवर सुरू होतो. पानावर आधी फिकट पांढुरके बारीक ठिपके, मग पान पिवळट-तांबूस. वाढला की पानाच्या मागे आणि फांदीच्या बेचक्यात बारीक जाळी दिसते, तिच्यावर धूळ बसते. यात पान फारसं वळत नाही. वांग्यावर आणि भेंडीवर हाच येतो.

फुलकिड्याने पान वरच्या बाजूला वळतं, कडा वर उचलल्या जातात, मागे खरवडल्यासारखे चंदेरी चट्टे असतात. विषाणूने पानं लहान राहतात, शिरा जाड होतात, पान सुरकुततं, मध्येच पिवळसर पडतं आणि झाड बुटकं राहतं. चौथं कारण लोकांच्या लक्षात येत नाही ते म्हणजे तणनाशक. त्याचं पुढे सांगतो.

एकाच झाडावर फुलकिडे आणि पिवळा कोळी दोन्ही असणंही नेहमीचं आहे. तेव्हा काही पानं वर, काही खाली वळलेली दिसतात. अशा वेळी एका पानावरून निकाल लावू नका.

पहिली तपासणी: वावरात फिरा, पण आडवं-तिडवं

धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बघून काही कळत नाही. नागमोडी चालत वीसेक झाडं बघा आणि आखडलेली झाडं कुठे आहेत ते मनात मांडा.

एका कोपऱ्यात किंवा धुऱ्यालगत गोल ठिगळ असेल आणि ते आठवड्या-आठवड्याला पसरत असेल, तर बहुधा कोळी. कोळ्याला पंख नाहीत. तो वाऱ्याने, माणसांच्या कपड्यांनी, रोपांसोबत आणि पिवळा कोळी तर पांढऱ्या माशीच्या पायांना धरूनही पुढे जातो. त्यामुळे एका जागी जमतो आणि तिथून सरकतो. उलट चांगल्या झाडांमध्ये इथे एक, तिथे एक असं झाड बुटकं-पिवळं दिसलं, तर विषाणूचा संशय घ्या.

आणि एका बाजूच्या सगळ्याच ओळी एकाच वेळी, दोन-तीन दिवसांत आखडल्या असतील तर शेजारच्या वावराकडे बघा. आमच्याकडे आणि भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत टू-फोर-डी हे तणनाशक मारतात. वारा मिरचीकडे असला की त्याचा हलका फवाराही मिरचीला पुरतो. पानं चिंचोळी, शिरा समांतर आल्यासारख्या, देठ आणि शेंडे पिळवटलेले. हे कोळ्यासारखंच दिसतं, पण आठ दिवसांनी नवीन ओळींत पसरत नाही. शेजारी काही मारलं नसेल तर आपला पंप आठवा: तोच पंप तणनाशकाला वापरला होता का? टू-फोर-डी साध्या पाण्याने धुवून जात नाही. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवायचा, इतकं साधं आहे ते. या प्रकारात कोळीनाशक मारलं तर पैसा मातीत आणि आधीच दुखावलेल्या झाडावर आणखी ताण.

दुसरी तपासणी: पान उलटा

सकाळी, ऊन तिरपं असताना. शेंड्याची वरची तीन पानं आणि लाल कोळ्यासाठी एखादं खालचं जुनं पान तोडा, पानाची पाठ उन्हाकडे करा.

लाल कोळी नुसत्या डोळ्यांनी हलत्या लाल ठिपक्यासारखा दिसू शकतो, अर्धा मिलिमीटर असतो. पिवळा कोळी त्याच्या निम्म्याहूनही लहान. तो डोळ्यांनी दिसत नाही, आणि इथेच सगळा घोळ होतो. शेतकरी पान उलटतो, काही दिसत नाही, मग "कीड नाही, झाडाला ताकद कमी पडली" असं ठरतं आणि टॉनिकची बाटली येते.

भिंग घ्या. दहापटीचं भिंग लाल कोळ्याला आणि फुलकिड्याला पुरतं, पिवळ्यासाठी वीसपट किंवा जास्तीचं लागतं. सोनार वापरतात तसलं घडीचं भिंग शे-दोनशे रुपयांत मिळतं, एका बाटलीच्या किमतीत गावभर पुरतील इतकी येतात. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, जिथे पान दुमडलेलं आहे तिथे बघा. फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक, चकचकीत थेंबासारखे जीव भरभर पळताना दिसतील. चांगलं भिंग असेल तर अंडीही दिसतात: लांबट, पारदर्शक, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. अशी अंडी मिरचीवरच्या दुसऱ्या कशाचीही नसतात. ती एकदा दिसली की बाकी वाद मिटला.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पूर्ण वाळत आलेल्या, फार आखडलेल्या शेंड्यात कोळी सापडेलच असं नाही. तिथला रस संपला की तो पुढच्या कोवळ्या शेंड्याकडे गेलेला असतो. म्हणून सर्वात खराब झाड न घेता, ठिगळाच्या कडेचं, नुकतंच वळायला लागलेलं झाड तपासा.

तिसरी: पांढरा कागद आणि फुलं

शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंडा दोन-तीनदा झटका. कागदावर मिलिमीटरभर लांब, बारीक, पिवळसर किंवा काळे जीव चालताना दिसले तर ते फुलकिडे. लाल कोळीही पडतो. बोटाने घासला तर कागदावर लालसर रेघ उमटते. पिवळ्या कोळ्यासाठी मात्र कागदाच्या भरवशावर राहू नका.

फूल तळहातावर झटकून बघा. २०२१ नंतर तेलंगणा-आंध्रात फुलात बसणाऱ्या काळ्या फुलकिड्याने मिरचीचं मोठं नुकसान केलं, आणि गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसं दर हंगामात तिकडे मिरची तोडायला जातात, सिरोंचाचं वावर तर नदीपलीकडच्या वावराला लागूनच आहे. फुलात काळे किडे भरपूर दिसले तर ती वेगळी लढाई आहे, कोळीनाशकाने ती जिंकता येत नाही.

चौथी: धुऱ्यावरच्या रिकाम्या बाटल्या वाचा

ही तपासणी मला सगळ्यात जास्त उत्तरं देते. कोणाच्या वावरात गेलो की गेल्या महिन्याभरात काय काय मारलं ते आधी विचारतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन असं सिंथेटिक पायरेथ्रॉइड दोनदा झालं असेल किंवा इमिडाक्लोप्रिडचा फवारा पुन्हा पुन्हा झाला असेल, तर कोळी का वाढला ते तिथेच कळतं. पिकात कोळ्याला खाणारे जीव असतात: परभक्षी कोळी, बारीक काळे ढालकिडे, क्रायसोपाची अळी. पायरेथ्रॉइडने ते आधी मरतात. कोळी मात्र तरतो आणि त्याची पिढी झपाट्याने उठते. उबदार हवेत पिवळ्या कोळ्याचं अंड्यापासून प्रौढापर्यंतचं चक्र पाच-सहा दिवसांत पुरं होतं. खाणारा कोणी उरला नाही की दोन आठवड्यांत वावर त्याचं.

युरियाचंही तेच. जास्त नत्राने पान लुसलुशीत होतं आणि रस शोषणाऱ्या प्रत्येकाला ते आवडतं. शेंडे आखडले म्हणून वरून युरिया टाकणं म्हणजे कोळ्याला चारा घालणं. हात आवरा.

हवा आठवा. पिवळ्या कोळ्याला उबदार, दमट, ढगाळ दिवस मानवतात, म्हणजे झड उघडल्यानंतरचे सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस. लाल कोळी कोरड्या उन्हात फोफावतो, धुळीच्या रस्त्याकडेला आधी दिसतो. जोरदार पावसाने दोन्ही धुवून निघतात, पण संपत नाहीत.

पाचवी: दोन ओळींची परीक्षा

अजूनही खात्री नसेल तर पूर्ण एकरावर मारू नका. ठिगळातल्या दोन ओळी निवडा, पाच-सहा झाडांना रंगीत चिंधी बांधा आणि फक्त तेवढ्यावर पाण्यात विरघळणारं गंधक फवारा: ८० टक्क्यांचं, १० लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम. गंधक स्वस्त आहे, कोळ्यावर चालतं आणि फुलकिड्यावर किंवा विषाणूवर त्याचा तसा उपयोग नाही. म्हणूनच ते परीक्षेला चांगलं.

सात-आठ दिवस थांबा आणि फक्त नवीन फुटलेली पानं बघा. वळलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. पिवळा कोळी रस शोषताना जी लाळ सोडतो तिने पानाची वाढच बिघडते, आणि कोळी मेल्यावरही आधी घडलेली पानं तशीच राहतात. "औषध लागलं नाही" असं म्हणत चौथ्या दिवशी दुसरी बाटली आणणारे जुन्या पानाकडे बघत असतात. नवीन फूट सपाट आणि हिरवी आली, तर कोळीच होता.

गंधक भर उन्हात मारू नका. पारा ३२-३३ अंशांच्या वर असला की पान भाजतं. गंधक आणि तेलाचा कोणताही फवारा, अगदी निंबोळी तेलाचाही, यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

आता उपाय, त्याच क्रमाने

प्रादुर्भाव थोडा असेल तर गुच्छ झालेले शेंडे खुडून पिशवीत घाला आणि वावराबाहेर जाळा. धुऱ्यावर टाकू नका. निंदायला, तोडायला आलेल्या बायांना आधी चांगल्या भागातून सुरुवात करायला सांगा, लागलेला भाग शेवटी. पातळाच्या काठाला लागून कोळी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातो, आणि हा बदल करायला एक रुपया लागत नाही.

त्याच्या पुढे पाच टक्के निंबोळी अर्क. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळा. या दहा लिटरचं पाणी घालून शंभर लिटर करा. सुरुवातीच्या ठिगळाला हे पुरतं आणि मित्रजीव वाचतात. ठिगळं अर्ध्या वावरात पसरल्यावर याच्या भरवशावर राहू नका.

तिथून पुढे कोळीनाशक. मिरचीवर कोळ्यासाठी शिफारस असलेली बरीच आहेत: प्रोपरगाईट, फेनपायरॉक्झिमेट, फेनाझाक्विन, स्पायरोमेसिफेन, हेक्झिथायाझॉक्स, डायफेन्थियुरॉन. मात्रा डब्यावरच्या लेबलातलीच घ्या, दुकानातल्या तोंडी हिशोबाची नको. लेबलावर "मिरची" आणि "कोळी" हे दोन्ही शब्द आहेत का ते आधी वाचा. तोडणीआधी किती दिवस थांबायचं तेही तिथेच असतं. हिरवी मिरची दर आठवड्याला तोडत असाल तर हे फार महत्त्वाचं. डायकोफॉल हे कोळ्याचं जुनं औषध अजून कोणाच्या कोठ्यात पडलेलं असेल, पण त्यावर २०२३ मध्ये बंदी आली आहे. ते वापरू नका.

औषध बदलताना नाव बदलून भागत नाही, गट बदलावा लागतो; एका गटातली औषधं कोळ्याला एकाच पद्धतीने मारतात. फेनपायरॉक्झिमेट आणि फेनाझाक्विन एकाच गटातली आहेत. पहिल्याने काम केलं नाही म्हणून दुसरं आणलं तर कोळ्याच्या दृष्टीने तुम्ही तेच परत मारलं. प्रोपरगाईट वेगळ्या गटातलं, स्पायरोमेसिफेन आणखी वेगळ्या. हेक्झिथायाझॉक्सने अंडी आणि पिल्लं मरतात, मोठे कोळी तसेच राहतात. म्हणून प्रादुर्भाव भरात असताना ते एकटं मारून दुसऱ्या दिवशी मेलेले कोळी शोधू नका. पाच-सात दिवसांनी नवीन शेंडा भिंगाखाली बघा. जिवंत कोळी असतील तर दुसरा फवारा दुसऱ्या गटाचा, नसतील तर थांबा.

चांगलं औषध वाया जाताना मी सर्वात जास्त पाहतो ते फवारण्याच्या पद्धतीमुळे. कोळी पानाच्या मागे आणि शेंड्याच्या आत असतो, आणि माणूस ओळीतून झपाझप चालत वरून फवारत जातो. पान वरून ओलं दिसतं, कोळ्याला थेंबही लागत नाही. पोकळ शंकूचा नोझल लावा, दांडा खाली नेऊन नोझलचं तोंड वर करा, झाडाच्या खालून फवारा शेंड्यात घाला. वाढलेल्या मिरचीला एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे पंधरा लिटरचे तेराएक पंप. सहा पंपांत एकर उरकला म्हणजे पानांच्या पाठी कोरड्या राहिल्या. झाल्यावर चार झाडांची पानं उलटून बोट लावून बघा. ओली नसतील तर त्या ओळी परत करा. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, विद्राव्य खत असं चार-पाच गोष्टींचं मिश्रण मात्र करू नका. पान भाजलं की ते कशाने भाजलं हे शोधता येत नाही.

फवारताना पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी (कापूस) फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. ती सगळी आपल्यासारखीच पंप पाठीवर घेणारी माणसं होती. डोकं दुखणं, मळमळ, अंधुक दिसणं, जास्तीचा घाम यातलं काहीही जाणवलं की पंप तिथेच उतरवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि १०८ ला फोन लावा. बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या, डॉक्टरांना उपचार त्यावरून ठरवता येतात. मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका.

पुढच्या वर्षासाठी

कोळी पुष्कळदा रोपवाटिकेतूनच येतो. रोपं विकत घेताना दहा रोपांचे शेंडे भिंगाने बघा, मगच पैसे द्या. तोडे संपल्यावर मिरचीची झाडं उन्हाळाभर वावरात उभी ठेवू नका; तीच पुढच्या रोपांना कोळी आणि विषाणू पुरवतात. मिरचीभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी असल्या तर पांढरी माशी आणि फुलकिडे अडतात, धूळही कमी येते.

कुठे थांबायचं

वेगवेगळ्या गटांची दोन कोळीनाशकं नीट, पानाच्या पाठीला लागतील अशी मारूनही नवीन शेंडा वळतच असेल, तर तिसरी बाटली आणू नका. एक तर कोळी त्या औषधांना सरावला आहे किंवा दुखणं कोळ्याचं नाहीच. हे वावरात उभं राहून ठरवता येत नाही. विषाणूचा संशय असेल तरी थांबा. त्याला औषध नाही; लवकरच्या अवस्थेत अशी झाडं उपटून जाळायची आणि तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीकडे वळायचं, पण ते ठरवण्याआधी जाणकाराने झाड बघितलेलं बरं. टू-फोर-डीची शक्यता असेल, शेजाऱ्याशी नुकसानभरपाईचा विषय निघणार असेल, तर काहीही फवारण्याआधी कृषी सहायकाला बोलावून वावर दाखवा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. फवारा झाल्यावर लक्षणं मिसळतात. आणि जानेवारी उलटून गेला आहे, एक-दोनच तोडे शिल्लक आहेत, अशा वेळी कोळी दिसला तरी फवारा परवडत नाही. माल काढा आणि झाडं उपटा.

मदत जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात मिळते. जाता येत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नमुना नेताना पाच-सहा शेंडे घ्या: काही नुकतेच वळायला लागलेले, काही पूर्ण आखडलेले आणि एक चांगल्या झाडाचा. कोरड्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवा, उन्हात ठेवू नका, त्याच दिवशी पोचवा. सोबत एका चिठ्ठीवर वाण, लावणीची तारीख, गेल्या महिन्यातले फवारे तारखेवार आणि लक्षण वावराच्या कोणत्या बाजूने सुरू झालं ते लिहून द्या.